टिकलीखालचा पिवळा दिवा

गाडी नापास झाली तो मंगळवार होता. सकाळी यांना परळच्या इस्पितळात व्यायामाला सोडलं आणि तेवढ्या वेळात सुनेने गाडी पंपाकडे वळवली, कारण पीयूसीची मुदत संपली होती. मी मागे बसले होते. पंपाच्या कडेला उभ्या असलेल्या व्हॅनमधून एक माणूस उतरला. त्याने एक लांब नळी आमच्या सायलेन्सरमध्ये खुपसली, आत जाऊन पडद्याकडे बघितलं आणि तिथूनच हात हलवला.

“मॅडम, फेल.”

“फेल कशी? मागच्या वर्षी पास होती,” सून म्हणाली.

“मागच्या वर्षीचं मला काय माहीत? सीओ लिमिटच्या डबलच्या वर आहे.”

“ते काय असतं?” मी काच खाली करून विचारलं.

“विषारी धूर, आजी.”

“धूर तर दिसत नाही कुठे.”

“दिसत नाही तोच बेकार.”

मागच्या वर्षी गाडी पास कशी झाली होती ते मला ठाऊक होतं. माझा मुलगा जहाजावर असतो. घरी असला की तोच हे कागद आणायचा. त्याच्या ओळखीचा एक जण होता. तो नळी दुसऱ्याच कोणाच्या तरी नव्या गाडीत घालायचा आणि कागद आमच्या नंबरचा काढायचा. मुलगा घरी येऊन सांगायचा, पाच मिनिटांत काम झालं. म्हणजे इतकी वर्षं आमची गाडी दुसऱ्याच्या श्वासावर पास होत होती. आता तो ओळखीचा माणूस तिथे नव्हता आणि या व्हॅनवाल्याचा कॅमेरा गाडीचा फोटो काढून कुठेतरी पाठवत होता. त्यामुळे जे खरं होतं ते बाहेर आलं.

आता कोणी म्हणेल, गाडी नापास झाली तर झाली, विकून टाका. सुनेच्या माहेरच्यांनी तेच सांगितलं. पण आमच्या घरात ही गाडी हौसेसाठी नाही. दोन वर्षांपूर्वी यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. उजवा पाय काठीसारखा सरळ झालाय, वाकत नाही. आमच्या गाडीची पुढची सीट पार मागे सरकते, म्हणून हे तिच्यात बसू शकतात. टॅक्सीत बसवायला दोन माणसं लागतात. मुळात टॅक्सी मिळायला हवी. लालबागहून परळ म्हटलं की टॅक्सीवाला तोंड फिरवतो. इतक्या जवळचं भाडं त्यांना नको असतं. इस्पितळातल्या बाई घरी येऊन व्यायाम करून घ्यायला तयार नाहीत, कारण तिथली यंत्रं घरी येत नाहीत.

आणि व्यायाम चुकला तर काय होतं ते आम्ही एकदा बघितलंय. मुलगा जहाजावर परत गेला आणि सुनेचं लायसन यायला उशीर झाला. गाडी चाळीच्या चौकात उभी राहिली, बॅटरी उतरली, आणि यांचे तीन आठवडे बुडाले. तोवर यांची उजव्या हाताची बोटं सुटायला लागली होती. पेला धरता यायचा. तीन आठवड्यांत मूठ पुन्हा मिटली. नख तळहातात रुतून जखम झाली. ती मूठ उघडायला पुढे सहा महिने गेले. आता कुठे हे सदऱ्याची वरची दोन बटणं स्वतः लावायला लागले होते. खालची मी लावते.

गाडीला पंधरा वर्षं पुरी होत होती. तिची नोंदणी पुन्हा करायची तर आरटीओत गाडी दाखवायला लागते आणि बरोबर पीयूसीचा कागद लागतो. ती तारीख अठरा दिवसांवर आली होती. कागद नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर गाडी भंगारात. म्हणजे माझा हिशेब सरळ होता. अठरा दिवसांत गाडी पास झाली नाही तर यांची मूठ मिटली.

आता चाळीत काय झालं ते सांगते. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की आमची गाडी फेल गेली. गॅलरीत उभं राहिलं की प्रत्येकाकडे औषध. एकीने सांगितलं, टाकीत पेट्रोलबरोबर एक बाटली ओतायची, सगळा कचरा जळून जातो. दुसऱ्याने सांगितलं, टेस्टच्या आधी सायलेन्सरमध्ये ओलं फडकं कोंबायचं. त्याला मी विचारलं, तुझ्या तोंडात ओलं फडकं कोंबलं तर तू बरा होशील का? सुनेने बाटली ओतली. प्लग बदलले, हवेचा फिल्टर बदलला. शुक्रवारी पुन्हा नळी घातली. पुन्हा फेल.

मग आम्ही पुलाखालच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथला माणूस चांगले कपडे घालून खुर्चीत बसला होता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. त्याने गाडीचं बॉनेटसुद्धा उघडलं नाही. सुनेने सीओ एवढा आहे म्हटलं आणि तो लगेच म्हणाला, “कन्व्हर्टर गेला. नवीन टाकायला लागेल.”

“कन्व्हर्टर म्हणजे काय ते तरी सांगा,” मी म्हटलं.

तो सुनेकडे बघत बोलायला लागला. मी तिथे नव्हतेच जणू. सायलेन्सरच्या पाइपमध्ये इंजिनाजवळ एक डबा असतो. त्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. विषारी धूर त्या जाळीतून जाताना साफ होतो. जाळी गेली की धूर तसाच बाहेर. एवढं त्याने नीट सांगितलं, ते मी मान्य करते. पण मग त्याने त्या डब्याची किंमत सांगितली. तेवढ्यात दुसरी जुनी गाडी आली असती.

“जुना डबा आमच्याकडेच राहील,” तो जाता जाता म्हणाला.

“का?”

“तो तुम्हाला काय कामाचा?”

“आणि तुम्हाला काय कामाचा?”

त्यावर तो हसला आणि फोन उचलला. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण बाजारात मी पन्नास वर्षं मिरच्या घेतल्यात. मोडकी वस्तू कोणी इतक्या प्रेमाने मागत असेल तर ती मोडकी नाही किंवा स्वस्त नाही. मी सुनेला म्हटलं, चल इथून.

सून वैतागली. “आई, तुम्हाला कोणाचंच पटत नाही. मग करायचं काय? मला रोज ऑफिसला लेट मार्क लागतोय.”

“त्याचं पटायला त्याने गाडी बघायला तर हवी. डॉक्टर पेशंटला हात न लावता पाय कापायला सांगतो का?”

“सांगतात काही काही,” ती म्हणाली.

ते खरं होतं.

रात्री जेवताना यांना सगळं सांगितलं. यांचं बोलणं आता तुटक येतं, पण ऐकतात सगळं. हे आयुष्यभर कॉटन ग्रीनला गोदामात मुकादम होते. डाव्या हाताने त्यांनी माझ्या मनगटावर टकटक केलं. “गोदामाकडे,” ते म्हणाले. “मागच्या गेटीक… तो आपलो. देवगडचो.” गोदामाच्या मागच्या गेटाजवळ देवगडकडचा एक मिस्त्री आहे, गोदामातल्या ट्रकांची कामं करायचा, आता छोट्या गाड्याही बघतो. यांच्या मनात तो पहिल्या दिवसापासून असणार. पण आम्ही दोघी बोलत सुटलो की यांना मधे शिरायला वाट मिळत नाही.

शनिवारी आम्ही तिकडे गेलो. साठीचा माणूस, अर्धी चड्डी, हाताला काळं तेल. यांचं नाव सांगितलं तेव्हा तो उठून उभा राहिला. मुकादम कसे आहेत विचारलं, चहा मागवला, आणि चहा यायच्या आत गाडीखाली शिरला. मला तेवढं पुरलं.

खालून टणटण आवाज आला. लाकडी हातोडीने तो डबा वाजवत होता. बाहेर येऊन म्हणाला, “जाळी फुटाक नाय. फुटली असती तर आत खळखळ वाजली असती. ही वाजणा नाय.”

मग त्याने गाडी सुरू करायला सांगितली आणि आम्ही पंधरा मिनिटं उभ्या राहिलो. त्याने पिस्तुलासारखं एक यंत्र आणलं. लाल ठिपका पडतो आणि लांबूनच वस्तू किती गरम आहे ते कळतं. डब्याच्या पुढच्या तोंडाला त्याने ठिपका मारला, मग मागच्या तोंडाला. डबा काम करत असेल तर मागचं तोंड जास्त तापतं, असं त्याने सांगितलं. आमच्या डब्याचं मागचं तोंडच थंड होतं.

“म्हणजे गेलाच ना?” सून म्हणाली. “तो पुलाखालचा तेच म्हणाला.”

“गेलो की झोपलो, ता बघूया. आधी माका सांगा, गाडी रोज कितकी चालता?”

“मंगळवार आणि शुक्रवार. लालबाग ते परळ,” सून म्हणाली.

“आणि बाकीचे दिवस?”

आता मला सांगायला लागलं. बाकीच्या दिवशी गाडी मी सुरू करते. मला चालवता येत नाही, किल्ली फिरवता येते. बॅटरी उतरून यांचे तीन आठवडे बुडाले त्याच वेळी चाळीच्या सेक्रेटरीने फळ्यावर लिहिलं होतं, बंद पडलेल्या गाड्या चौकातून हलवाव्यात. ते आमच्यासाठीच होतं. आमच्या जागेवर त्याचा कधीपासून डोळा आहे. तेव्हापासून मी रोज सकाळी पूजा आटोपून खाली उतरते, गाडीत बसते, किल्ली फिरवते आणि एक जपमाळ पुरी होईपर्यंत इंजिन चालू ठेवते. बॅटरीही राहते आणि गाडी जिवंत आहे हे चौकाला कळतं. माझं बघून आता चाळीत आणखी तिघे तसं करतात. सकाळी साडेसातला चार गाड्या चौकात उभ्या उभ्या घुरघुरत असतात आणि जात कोणीच कुठे नाही.

“जपमाळेक कितको येळ लागता?” मिस्त्रीने विचारलं.

“पाच मिनिटं. घाई असली तर चार.”

त्याने कपाळाला हात लावला. तेल लागलं कपाळाला. “आजीनू, पाच मिनिटांत बॅटरी भरणा नाय. उलट सुरू करूक जितकी खर्च होता तितकीच कशीबशी भरता. आणि इंजिन थंड. थंड इंजिनाक जास्त पेट्रोल लागता. ता नीट जळणा नाय, काजळी होता, ती ह्या जाळीत जाऊन बसता. जाळी तापली तर काजळी जळून जायत. तुमी ती तापाकच देणास नाय. गाडी मारूक दुसऱ्या कोणाची गरज नाय, तुमीच पुरे.”

सून दुसरीकडे बघायला लागली. हसत होती. मी बघितलं.

“पण तरी,” मिस्त्री स्वतःशीच बोलला, “पंधरा मिनिटां झाली चालू आसा. आता तरी तापाक होयी.” तो गाडीत डोकावला. पुढे एक काटा असतो, इंजिन किती तापलं ते दाखवतो. तो काटा तळाशीच लोळत होता. त्याने सुनेला विचारलं, हा काटा कधी मध्यावर आलेला बघितलाय का? ती म्हणाली, तो काटा हलतो हेच मला माहीत नाही. मग मिस्त्री काट्याच्या शेजारी बोट फिरवायला लागला आणि थांबला.

“ही टिकली कोणी लावल्यान?”

टिकली मी लावली होती. लाल, मोठी, मी लावते तीच. काट्यांच्या मधे एक पिवळा दिवा लागलेला असायचा. मुलाला मी विचारलं होतं, हा कसला? तो म्हणाला, असू दे, सेन्सरचा असेल, गाडी चालतेय ना. पुढे रोज जपाला बसायला लागले तेव्हा तो दिवा नेमका डोळ्यांसमोर यायचा. मणी चुकायचे. म्हणून एक दिवस कपाळावरची टिकली काढून त्याच्यावर चिकटवली आणि जप नीट व्हायला लागला. सुनेने गाडी हातात घेतली त्याच्या आधीची गोष्ट.

“मला वाटलं गाडीला नजर लागू नये म्हणून लावलीय,” सून म्हणाली. “मी ती पुसतानासुद्धा जपून पुसायचे.”

मिस्त्रीने नखाने टिकली काढली. खाली दिवा तसाच पेटलेला. पिवळा, इंजिनाच्या आकाराचा. एवढे दिवस तो झाकणाखाली बोंबलत होता.

माणसाला राग येतो तेव्हा तो आधी दुसऱ्यावर काढायला बघतो. मी मुलाच्या नावाने दोन शब्द बोलले, गाडी बनवणाऱ्यांच्या नावाने बोलले, की एवढं महत्त्वाचं असेल तर दिव्याबरोबर घंटा का नाही ठेवली. मिस्त्रीने गाडीला एक छोटं यंत्र जोडलं आणि त्यावरचा बिघाडाचा आकडा वाचला. मग इंजिन निवेपर्यंत थांबला आणि पाण्याचा एक पाइप सोडवून आत बोट घातलं. पाणी सांडलं त्याच्या पायावर. बोट बाहेर काढलं आणि म्हणाला, “रिकामा.”

तिथे एक वॉल्व्ह असायला हवा. थर्मोस्टॅट म्हणतात त्याला. इंजिन थंड असेपर्यंत तो पाणी अडवून धरतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं. आमच्या गाडीत तो नव्हताच. कोणीतरी काढून पाइप परत बसवला होता. त्यामुळे पहिल्या मिनिटापासून सगळं थंड पाणी इंजिनातून फिरत राहायचं आणि गाडी कितीही चालवली तरी तापायची नाही.

“पुलाखालच्यान नवो डबो बसवलो असतो,” मिस्त्री म्हणाला, “तरी सहा महिन्यांत तोय असोच काजळलो असतो. मगे तुमी त्याका शिव्या घातल्या असतास, त्याने तुमका.”

“वॉल्व्ह काढला कोणी?” सून म्हणाली.

“ता माका काय म्हायत? मुकादमांक विचारा.”

घरी येऊन विचारलं. हे खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, गाडीचा वॉल्व्ह कोणी काढला? यांनी डाव्या हाताने पोटमाळ्याकडे बोट केलं. तिथे यांचा हत्यारांचा पत्र्याचा डबा आहे, दोन वर्षांत कोणी हात लावला नव्हता. सुनेने स्टुलावर चढून तो खाली काढला. पक्कड, पाने, खिळे, आणि तळाशी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेला पितळी, मुठीत मावेल एवढा वॉल्व्ह.

“घाटात… तापली,” हे म्हणाले. “तेणी काढलो. हयसर… लावचो होतो.”

गावाहून परत येताना कशेडी घाटात गाडी तापली होती, ते मला आठवलं. वाफा निघत होत्या. रस्त्यावरच्या एका मेकॅनिकने वॉल्व्ह अडकलाय म्हणून काढून टाकला आणि सांगितलं, मुंबईच्या उकाड्यात याची गरजच नाही. हे मुंबईत आल्यावर नवा आणून लावणार होते. त्यानंतर पंधरा दिवसांनी झटका आला.

“मगे माका सांगूक काय झाला होता?” मी ओरडले. “दोन वर्षां?”

यांनी डाव्या हाताने स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

पहिले आठ महिने यांच्या तोंडून एक शब्द नीट निघत नव्हता. पाणी मागायचं तर डोळ्यांनी मागायचे. तेव्हा वॉल्व्ह कुठला आठवणार? मला कळत होतं ते. तरी राग काही गेला नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि भाकऱ्या जरा जोरात थापल्या. सुनेने सासऱ्यांना टिकलीची गोष्ट सांगितली असणार, कारण बाहेरून हसण्याचा आवाज आला. यांचं हसणं आता अर्ध्याच तोंडाने येतं, पण आवाज पुरा असतो.

नवा वॉल्व्ह यायला आठवडा गेला, तो आला तसा मिस्त्रीने बसवला. काटा वर चढून मध्यावर थांबला, दिवा विझला. पण तो म्हणाला, एवढ्यावर पास होणार नाही. जाळीत दोन वर्षांची काजळी आहे. गाडी रिकाम्या रस्त्यावर तासभर जोरात पळवायला हवी, मधे बंद करायची नाही, आणि तशीच तापलेली नेऊन नळी घालायची. त्यात काजळी सुटली तर गाडी पास होईल. नाही सुटली तर मग डबा बदला, तेव्हा मी अडवणार नाही. आरटीओच्या तारखेला सात दिवस उरले होते.

तासभर पळवायची म्हणजे रविवारी सकाळी, फ्रीवेवर, त्या सिग्नल नसलेल्या लांब पुलावर. म्हणजे चौकातली जागा सोडायची. इस्पितळात जातो तेव्हा आमच्या जागेवर पाण्याची दोन पिंपं ठेवतो आणि कोणी ती हलवत नाही, एवढी लाज चाळीत अजून आहे. पण रविवारी इस्पितळ बंद, हे सेक्रेटरीलाही माहीत. त्याने नवी मोठी गाडी घेतलीय आणि ती रस्त्यावर उभी करतो, तिला दर आठवड्याला पोलिसांची दंडाची चिठ्ठी लागते.

“मी इथेच बसते,” मी सुनेला म्हटलं. “तू यांना घेऊन जा.”

“त्यांना कशाला? तासभर बसवेल त्यांना?”

“मीही येतलंय,” हे आतून म्हणाले. प्रश्न मिटला.

सुनेने यांना पुढे बसवलं, पाय सरळ करून दिला, आणि गाडी चौकातून बाहेर पडली. मी त्या रिकाम्या चौकोनात प्लॅस्टिकची खुर्ची टाकली आणि पाच किलो मिरच्या घेऊन देठं काढत बसले. जमिनीवर गाडीच्या तेलाचे डाग होते. एवढी मोकळी जागा मी दोन वर्षांत बघितली नव्हती.

अर्ध्या तासाने सेक्रेटरीची गाडी फाटकातून आत आली आणि माझ्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर थांबली. त्याने हॉर्न वाजवला.

“काकू, जरा सरकता का?”

“कुठे सरकू? मिरच्या आहेत.”

“तुमची गाडी गेली ना पण? भंगारात दिली असं ऐकलं.”

“कोणी सांगितलं?”

“फेल झाली म्हणे.”

“नापास झालेल्यांना भंगारात काढायचं ठरलं तर तुझ्या दहावीला तुला कुठे ठेवलं असतं रे?”

वरच्या गॅलरीत कोणीतरी खोकलं. सेक्रेटरीची आई माझ्याबरोबर पाण्याला उभी राहायची, तिच्याकडूनच मला त्याच्या दहावीचं कळलं होतं. त्याने काच वर केली, पण गाडी मागे घेतली नाही. इंजिन चालू ठेवून बसला. मीही बसले. नाकाडोळ्यांत मिरचीचा खाट गेला होता आणि त्यात त्याच्या गाडीची गरम हवा. दिसत नाही तोच बेकार, ते मला आता कळत होतं. दीड तास झाला. दोन तास झाले. मला वाटायला लागलं की गाडी फ्रीवेवरच बंद पडली असणार, यांना आता कोण उतरवणार, आणि ही जागा मी कोणासाठी धरून बसलेय?

सव्वा दोन तासांनी आमचा हॉर्न ऐकू आला. सेक्रेटरीला मागे जायला लागलं. फाटकात त्याला वळायला जमेना, तीन वेळा पुढेमागे केलं, तेवढा वेळ सून हॉर्नवर हात ठेवून होती.

गाडी आत आली तेव्हा यांची काच खाली होती आणि बाहेर एक कागद फडफडत होता. आधी मला कागद दिसला, मग हात. उजवा. अंगठा आणि पहिलं बोट, त्या दोघांच्या चिमटीत कागद धरलेला. कोपर डाव्या हाताने उचलून तो छातीवरून आडवा खिडकीपर्यंत आणला होता, आणि कागद सुटला नव्हता.

“पंपापासून असाच धरलाय,” सून म्हणाली. “मी म्हटलं डॅशबोर्डवर ठेवते, देईनात. सीओ अगदी थोडा आला. तो व्हॅनवाला म्हणाला, नवा कन्व्हर्टर टाकलात का?”

मी कागद घ्यायला गेले. हे लवकर सोडेनात. सोडायला बोटांना वेळ लागतो. मी ओढला नाही, थांबले. सुटला तेव्हा बघितलं तर घामाने ओला आणि चुरगळलेला.

“असो कागद घेतील ते आरटीओत?” मी म्हटलं. “एक काम धड होणा नाय तुमच्या हातून.”

हे अर्ध्या तोंडाने हसले. वाऱ्याने यांचे केस उभे राहिले होते. “समुद्र दिसता,” ते म्हणाले. “वरून. गोदामां पण दिसतत.”

“दिसूदेत.”

“पुढच्या आयतवारी… परत.”

मिस्त्रीनेही तेच सांगितलं होतं. आठवड्यातून एकदा तरी तासभर पळवा, नाहीतर पुन्हा तेच. सकाळचा जप घरात करा.

“आणि हयसर कोण बसतला?” मी विचारलं.

“तू,” हे म्हणाले.

मी खुर्ची उचलली आणि सुनेला गाडी नीट आत घ्यायला सांगितली.